तोटाही वहीत लिहावा लागतो : महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची तयारी

बारावीचा निकाल हाती आला की व्यापारी घराचा दिनक्रम महिनाभर बदलून जातो. गादीवर बसलेल्या वडिलांचे एक लक्ष गिऱ्हाइकाकडे आणि दुसरे प्रवेशाच्या याद्यांकडे असते. स्वयंपाकघरात खाकरे, शेव आणि सुक्या चटण्यांचे डबे भरू लागतात. आजी-आजोबांना चिंता असते ती एकच : परगावी मुलांचे खाण्यापिण्याचे नियम कसे निभणार? शुल्क भरले जाते, वसतिगृहात खोली मिळते, सामान बांधले जाते आणि आपण समाधानाने म्हणतो, ‘तयारी झाली.’

ही तयारी आवश्यक आहेच. परंतु तिच्यात एक गोष्ट राहून जाते, आणि ती राहून गेली की बाकीची तयारी तोकडी पडते, असा अनुभव गेल्या वर्षी आमच्या घराने घेतला. तो संकोच बाजूला ठेवून येथे मांडत आहे. कारण येत्या काही आठवड्यांत समाजातील अनेक घरांतून मुले-मुली प्रथमच बाहेर पडतील.

रोजमेळ बरोबर होता

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे कापडाचे दुकान आहे. ते आजोबांनी काढले, वडिलांनी वाढवले आणि आता मी चालवीत आहे. थोरल्या मुलीने पुण्यात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करण्याचे ठरवले, तेव्हा नातेवाइकांपैकी काहींनी विचारले, ‘याचा दुकानाला काय उपयोग?’ आम्ही उभयता तिच्या बाजूने उभे राहिलो. त्याचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

ती निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिला लाल बांधणीची एक लहान वही दिली आणि रोजमेळ लिहिण्यास शिकवले. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळलीच पाहिजे. तिच्या दादीने तिला चातुर्मासभर रात्रिभोजन न करण्याचा नियम घेण्यास सुचवले. तिने तो आनंदाने घेतला. निरोप देताना मी म्हणालो, ‘घराण्याचे नाव राख.’ त्या वाक्याचे ओझे किती असते याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

दर रविवारी फोन होत असे. ‘अभ्यास ठीक?’ ‘ठीक.’ ‘जेवण ठीक?’ ‘ठीक.’ रविवार हा आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. दुकानात गर्दी असे आणि पाच मिनिटांत संभाषण संपे.

दिवाळीला ती घरी आली. लक्ष्मीपूजनासाठी नव्या वह्या आणल्या होत्या, म्हणून मी कौतुकाने तिचीही वही मागितली. बसभाडे, झेरॉक्स, प्रयोगवही, फळे, सारे नीट लिहिलेले आणि चार महिन्यांची शिल्लक पैशापर्यंत जुळलेली. मी ती वही दुकानातील मुनीमजींनाही दाखवली. संध्याकाळी मात्र तिच्या दादीचे लक्ष तिच्या हाताकडे गेले. मनगटात घट्ट बसणारे कडे आता कोपराकडे सरकत होते.

रात्री ती बोलू लागली. आठवड्यातील तीन दिवस प्रात्यक्षिके साडेपाचला संपत आणि वसतिगृहाची खानावळ साडेसातला उघडत असे. तोपर्यंत सूर्यास्त झालेला असे. त्या दिवशी ती घरून नेलेल्या सुक्या खाऊवर राही. खाऊ संपल्यावर उपाशीच झोपे. गणिताच्या पहिल्या चाचणीत तिला २० पैकी ६ गुण मिळाले होते. वर्गातील अनेक मुले शिकवणी वर्गांतून बरेच पुढे जाऊन आलेली होती, त्यांच्यासमोर शंका विचारण्याची तिला लाज वाटली. मग ती गणिताच्या तासांनाच जाईनाशी झाली आणि उपस्थितीही घसरली.

‘आम्हांला का सांगितले नाहीस?’ मी विचारले. तिने खाली मान घालून उत्तर दिले, ‘पप्पा, आपल्या घरात कोणी नापास झाल्याचे मी कधी ऐकलेच नाही. मग सांगणार कशी?’

या प्रश्नाने मी निरुत्तर झालो, कारण तिने ऐकले नव्हते ते खरे असले तरी घडले नव्हते असे नाही. २६ वर्षांपूर्वी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः दोन विषयांत अनुत्तीर्ण झालो होतो. त्याच सुमारास वडिलांची प्रकृती बिघडली आणि ‘दुकानाला माणूस हवा म्हणून मुलाने शिक्षण सोडले’ असे घरात बोलले जाऊ लागले. ते सर्वांना सोयीचे होते, मला सर्वांत अधिक. वडील दोन महिन्यांत बरे झाले. मी मात्र परत गेलो नाही. ही गोष्ट माझ्या पत्नीलाही ठाऊक नव्हती. त्या रात्री मी ती प्रथमच मुलीला सांगितली.

व्यापारात शिकवतो ते घरात का नाही?

आपल्या पेढ्यांवर नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात काय शिकवले जाते? नफा झाला तर लिही, तोटा झाला तर तोही त्याच दिवशी लिही. बुडीत उधारी लपवणारा दुकानदार एक-दोन वर्षे शेजाऱ्यांना फसवू शकतो, पण शेवटी स्वतःच बुडतो. आयकराचा कायदाही हेच सांगतो. धंद्यातील तोटा पुढील ८ वर्षांपर्यंत ओढून नफ्यातून वजा करता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. वेळेवर दाखवलेला तोटा पुढे उपयोगी पडतो. लपवलेल्या तोट्याची सवलत कोणी देत नाही.

धर्मानेही आपल्याला हीच सवय लावली आहे. आलोचना म्हणजे आपल्या हातून झालेली चूक आडपडदा न ठेवता गुरूंपुढे मांडणे. संवत्सरीला आपण सहकुटुंब प्रतिक्रमण करतो आणि लहानथोरांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. एवढी परंपरा लाभलेल्या घरातील मुलीला २० पैकी ६ गुण आई-वडिलांपासून लपवावेसे वाटले, तर उणीव केवळ तिच्या धैर्यात नव्हती.

आपण मुलांसमोर फक्त जमेची बाजू वाचत आलो आहोत. मंडळाच्या सत्कारात ९० टक्क्यांवरच्यांना बोलावतो, त्यांची छायाचित्रे छापतो. गुणवंतांचे कौतुक व्हावेच. परंतु ज्या मुलाला ५५ टक्के मिळाले आणि जो तरीही नेटाने पुढे गेला, त्याची हकिगत आपल्या मुलांच्या कानांवर पडत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजच्या जैन घरातले. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षणही पूर्ण झाले नव्हते. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने हजारो गरीब मुलांना महाविद्यालयापर्यंत नेले. आपण त्यांच्या कार्याचे गुणगान करतो; त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाचा उल्लेख मुलांसमोर क्वचितच करतो.

पहिल्या वर्षाचा हिशेब समजून घ्यावा

तोटा कोठे होऊ शकतो हे आधी माहीत असेल तर तो लवकर लक्षात येतो. यासाठी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकत्र बसून पहिल्या वर्षाची रचना समजून घ्यावी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यास आता श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजला जातो. सिद्धान्ताचा एक श्रेयांक म्हणजे सुमारे १५ तासांचे अध्यापन. एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. मुख्य विषयाखेरीज खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भाषा, पर्यावरण, भारतीय ज्ञान प्रणाली असे अनेक लहान विषय त्यात येतात. लहान विषयाकडे दुर्लक्ष झाले की त्याचे श्रेयांक अडकतात, आणि बाकी वाढत जाते ती तिथूनच.

प्रत्येक विषयात सत्रान्त परीक्षेबरोबर अंतर्गत मूल्यमापन असते. चाचण्या, गृहपाठ, सादरीकरणे यांचे गुण वर्षभर साठत जातात. शाळेप्रमाणे ‘शेवटच्या दोन महिन्यांत जोर लावू’ हा हिशेब येथे चालत नाही. उपस्थितीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची असते. घरातील लग्ने, पर्युषण आणि दिवाळी धरून किती दिवस सुट्टी घेता येईल याचा अंदाज सत्राच्या आरंभीच करावा. भाच्याच्या लग्नासाठी मुलीला आठ दिवस बोलावून घेताना आपण तिच्याच उपस्थितीतून खर्च करीत असतो, हे ध्यानात असावे.

एखादा विषय राहिला तर ठरावीक मर्यादेपर्यंत पुढील सत्रात जाता येते. विद्यार्थी याला ‘एटीकेटी’ म्हणतात. व्यापाऱ्याच्या भाषेत ही मागील बाकी पुढे ओढण्याचीच सोय आहे. विद्यापीठ जेथे अशी सोय ठेवते, तेथे घरानेही ती मनात ठेवावी. मर्यादा किती विषयांची, हे मात्र महाविद्यालयाच्या पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड आणि मंडळ बदलले असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र यांच्या प्रती दोन-तीन संच करून ठेवाव्यात. श्रेयांकांची नोंद ज्या खात्यात होते, त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याने स्वतःचे खाते उघडावे. केंद्र शासनाने जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आहे. त्या कोट्यातून प्रवेश किंवा शिष्यवृत्ती घ्यावयाची असल्यास दाखल्यावरील धर्माची नोंद ‘जैन’ अशीच आहे ना, हे अर्ज करण्यापूर्वी तपासावे.

ज्या घरांत बी.कॉम.बरोबर सी.ए.चा विचार आहे, त्यांनी दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून निर्णय घ्यावा. सी.ए. फाउंडेशनला १०० गुणांचे ४ विषय असतात. प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. ही परीक्षा पहिल्या प्रयत्नात न सुटणे हे त्या वाटेवर नेहमीचे आहे. ते मुलाला आधीच सांगितलेले असेल, तर निकालाच्या दिवशी तो फोन बंद करून बसणार नाही.

पैसा, आहार आणि आधार

पैशांच्या बाबतीत व्यापारी घरांना शिकवण्याची आवश्यकता नाही, तरीही एक सूचना करावीशी वाटते. मुलाचे स्वतःचे बचत खाते असावे आणि महिन्याची रक्कम एकदाच त्यात जमा करावी. वडिलांच्या खात्यातून दर वेळी रक्कम गेली की मुलाला टंचाईची जाणीव होत नाही आणि वडिलांच्या भ्रमणध्वनीवर प्रत्येक चहाची वार्ता येते. महिन्याच्या २५ तारखेला पैसे संपले तर रागावण्याआधी त्याच्याबरोबर बसून वही वाचावी. पहिल्या तीन महिन्यांत अंदाज चुकतोच. नवे दुकान काढल्यावर आपलाही चुकतो.

आहाराबाबत आमच्या घरी सर्वांत शहाणपणाचे बोल तिच्या दादीचे ठरले. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, ‘बेटा, नियम निभेल तेवढाच घ्यायचा. घेताना वेळ विचारायची होती, ती मी विचारली नाही.’ आता तिने पर्वतिथींपुरता रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतला आहे. प्रात्यक्षिकांच्या दिवशी जवळच्या एका भोजनालयातून साडेचारला कांदा, लसूण व कंदमुळांविना डबा येतो. पुण्यात जुलैमध्ये सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास आणि नोव्हेंबरमध्ये सहाच्या सुमारास होतो. वसतिगृह निश्चित करण्यापूर्वी खानावळीच्या वेळा आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक समोर ठेवले असते, तर ही गोष्ट आम्हांला जूनमध्येच कळली असती. नियम पाळणाऱ्या घरांनी खोलीचे भाडे विचारण्याआधी खानावळीची वेळ विचारावी.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने कोल्हापूर, सांगलीसारख्या ठिकाणी वसतिगृहे चालवली. खेड्यातून शहरात आलेल्या मुलाला निवारा, आहार आणि विचारपूस करणारे वडीलधारे माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात, ही त्यामागची दृष्टी होती. आज अनेकांना अशा वसतिगृहांत जागा मिळत नाही. मग तिसरी गोष्ट आपणच उभी करावी लागते. शहरातील एखादे नातेवाईक, स्थानकातील परिचित कुटुंब, त्याच महाविद्यालयात दोन वर्षे पुढे असलेला विद्यार्थी, यांपैकी निदान एकाशी मुलाची जाण्यापूर्वीच भेट घालून द्यावी.

त्याचबरोबर महाविद्यालयातील मार्गदर्शक प्राध्यापक आणि समुपदेशक कोठे भेटतात हे पहिल्या पंधरवड्यात पाहून ठेवावे. रॅगिंगचा त्रास झाल्यास १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय साहाय्यवाणीवर तक्रार करता येते. मन अतिशय खचले असेल तर केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. हे दोन्ही क्रमांक त्या लाल वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावेत. मागावी लागण्याआधी मदतीचा पत्ता हाती असला, की ती मागणे सोपे जाते.

रविवारचा फोन

आमच्या घरात सर्वांत मोठा बदल झाला तो रविवारच्या फोनमध्ये. आता तो दुकान बंद झाल्यावर, रात्री नऊला होतो. ‘ठीक आहे ना?’ हा प्रश्न आम्ही सोडून दिला आहे, कारण त्याचे उत्तर प्रश्नातच दडलेले असते. त्याऐवजी विचारतो, ‘या आठवड्यात काय जमले नाही?’ आणि ती सांगण्यापूर्वी मी माझे सांगतो : एका गिऱ्हाइकाशी विनाकारण वाद झाला, एक खरेदी चुकली, कापडाचा एक ठोक तसाच पडून राहिला. प्रारंभी ती हसत असे. आता तीही मोकळेपणाने सांगते. सांगताना आम्ही मध्ये उपदेश करायचा नाही, एवढा एक नियम तिने आम्हांला दिला आहे. तो निभवणे मला चौविहारापेक्षा कठीण जाते.

वाचकांना उत्सुकता असेल म्हणून सांगतो. गणिताचा विषय तिचा पहिल्या सत्रात राहिलाच. दिवाळीनंतर ती प्राध्यापकांना भेटली. त्यांनी दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीला तिच्याबरोबर आठवड्यातून दोनदा बसण्यास सांगितले. दुसऱ्या सत्राबरोबर तो विषय सुटला, गुण फार नव्हते. कडे पुन्हा मनगटावर बसले आहे. दुकानाला संख्याशास्त्राचा काय उपयोग, हे नातेवाइकांना अजून समजलेले नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने तीन वर्षांच्या विक्रीच्या वह्या काढून कोणत्या महिन्यात कोणता माल पडून राहतो याचा तक्ता करून दिला, तो मी गल्ल्यावर लावला आहे.

यंदा धाकटा मुलगा वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेत आहे. त्याच्यासाठीही लाल बांधणीची वही आणली आहे. ती त्याच्या हाती देताना ‘घराण्याचे नाव राख’ असे मी म्हणणार नाही. तिजोरीच्या तळाशी २६ वर्षे ठेवलेली माझी बी.कॉम.ची गुणपत्रिका काढून त्या वहीत ठेवली आहे. त्यात दोन विषयांपुढे काय लिहिले आहे, ते त्याने जाण्यापूर्वी माझ्यासमोर बसून वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

या वर्षी प्रथमच घराचा उंबरठा ओलांडणाऱ्या सर्व मुलामुलींना मनःपूर्वक शुभेच्छा. जय जिनेंद्र.